सांसर्गिक व कृमिजन्य व्याधींचे संकेतांकन : नामाची अडचण आणि नोंदीची शिस्त

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील त्रिशोथीय अध्यायात आचार्यांनी वैद्याला मोठा दिलासा दिला आहे. प्रत्येक विकाराला निश्चित नाव असतेच असे नाही. सबब एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाज बाळगू नये, विकाराची प्रकृती, अधिष्ठान व हेतू जाणून चिकित्सेस प्रवृत्त व्हावे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. चिकित्सेपुरते हे आजही खरे आहे. परंतु रुग्णाचा कागद आपल्या चिकित्सालयाबाहेर पडला, मग तो विमा कंपनीकडे जावो, आरोग्य खात्याकडे जावो की जन्म-मृत्यू निबंधकाकडे, की तेथे दोष-दूष्यांचा विचार करणारे कोणी नसते. तेथे नाव वाचले जाते, नावावरून संकेतांक लावला जातो आणि संकेतांकावरून गणना होते. या प्रवासात आपल्या शास्त्रातील नावांचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सांसर्गिक व कृमिजन्य व्याधी मुद्दाम निवडण्याचे कारण असे की, तेथील चूक एका रुग्णापुरती राहत नाही.

वर्गीकरणाची रचना

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा उगम मृत्यूंच्या कारणांच्या यादीत आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जॅक बर्टिलाँ यांनी १८९३ मध्ये अशी यादी मांडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले व मृत्यूंबरोबर आजारांचाही समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत होऊन १९९४ पासून वापरात आली. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत झाली व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तथापि आपल्याकडे विमा-दाव्याच्या नमुन्यात रुग्णालयाने भरावयाच्या भागात दहाव्या आवृत्तीचे संकेत विचारले जातात. म्हणून येथे मुख्यत्वे तिचाच विचार केला आहे. (संकेतातील रोमन अक्षरे मुद्रणाच्या सोयीसाठी नागरीत दिली आहेत, नोंदवहीत ती रोमनच लिहावीत.)

दहाव्या आवृत्तीचे पहिले प्रकरण ‘काही सांसर्गिक व परोपजीवी रोग’ हे होय. त्याचा विस्तार ए ०० पासून बी ९९ पर्यंत आहे. एक अक्षर व दोन अंक मिळून व्याधीचा गट ठरतो. बिंदूनंतरचा अंक त्याचा भेद दाखवतो. उदाहरणार्थ, ए ०६ म्हणजे अमीबाजन्य विकार, ए ०६.० म्हणजे त्याचा तीव्र आमांश, ए ०६.१ म्हणजे आंत्रातील जीर्ण विकार, तर ए ०६.४ म्हणजे अमीबाजन्य यकृत-विद्रधी. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हे प्रकरण हेतुप्रधान आहे, अधिष्ठानप्रधान नाही. अस्थि-संधींचा क्षयरोग (ए १८.०) अस्थिविकारांत न जाता फुप्फुसाच्या क्षयरोगाशेजारीच बसतो, तो यामुळे.

प्रकरणाच्या नावातील ‘काही’ हा शब्द मात्र दुर्लक्षू नये. इन्फ्लुएंझा व न्यूमोनिया श्वसनाच्या प्रकरणात आहेत. मूत्रमार्गाचा संसर्ग (एन ३९.०) मूत्रवह संस्थेच्या प्रकरणात आहे. तेथे जंतू ठाऊक असल्यास तो बी ९५ ते बी ९७ या पूरक संकेतांनी दाखवतात, जसे ई. कोलाय जंतूसाठी बी ९६.२. हे पूरक संकेत मुख्य निदान म्हणून एकटे लिहावयाचे नसतात. याउलट क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथास दोन संकेत मिळतात : ए १७.० हा खंजिराच्या चिन्हाचा, म्हणजे हेतूचा, आणि जी ०१ हा तारांकित, म्हणजे अधिष्ठानाचा. तारांकित संकेत कधीही एकटा येत नाही. हेतू आणि अधिष्ठान दोन्ही सांगितल्याशिवाय व्याधी पुरता सांगितला जात नाही, ही दृष्टी वैद्याला परकी वाटू नये.

नामसाम्याचे सापळे

आपल्या अडचणीचे खरे मूळ संकेतांच्या क्लिष्टतेत नाही. संहितेतील नाव आणि व्यवहारातील मराठी नाव एकच असून अर्थ मात्र भिन्न, यात ते आहे.

‘विषमज्वर’ हे याचे ठळक उदाहरण होय. संहितेत विषमज्वर म्हणजे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक या भेदांचा, वेळ-वेग अनियमित असणारा ज्वर. मराठी व्यवहारात, शासकीय पत्रकांतसुद्धा, विषमज्वर म्हणजे टायफॉइड आणि मलेरिया म्हणजे हिवताप. वैद्याने एक दिवसाआड थंडी वाजून येणारा ताप पाहून शास्त्रशुद्धपणे ‘विषमज्वर’ असे लिहिले, की कारकून शब्दकोश उघडून ए ०१.० हा टायफॉइडचा संकेत घालतो. डासाने पसरणारा रोग पाण्यातून पसरणाऱ्या रोगाच्या खात्यात जमा होतो. त्या गावी डासांची पैदास शोधावयाची की जलवाहिनी तपासावयाची, हा निर्णय अशा नोंदींवर होत असतो.

‘विसूचिका’ या शब्दाचेही तसेच. आमदोषातून उद्भवणारी, ऊर्ध्व व अधोमार्गांनी प्रवृत्त होणारी विसूचिका आणि व्हिब्रिओ कॉलरी या जंतूने होणारी पटकी यांत लक्षणसाम्य आहे, तादात्म्य नाही. लग्नाच्या जेवणानंतर वांत्या-जुलाब झालेल्या रुग्णाच्या कागदावर ‘विसूचिका’ लिहून त्यास ए ००.९ हा संकेत लागला, तर कागदोपत्री त्या गावात कॉलऱ्याचा रुग्ण निघाला असे होते. मलपरीक्षणात जंतू मिळाल्याशिवाय ए ०० या गटाकडे जाऊ नये. अशा रुग्णास ए ०९ हा, संसर्गजन्य मानलेल्या अतिसाराचा गट आहे. त्याविषयीची मूळ टीप मार्मिक आहे : ज्या देशांत कारण न लिहिलेला अतिसार असांसर्गिक समजणे योग्य ठरेल, तेथे तो के ५२.९ मध्ये घालावा. म्हणजे तोच शब्द, तीच लक्षणे. परंतु देशकालानुसार संकेत वेगळा. पुढील सुधारणेत ए ०९.० (संसर्गजन्य) व ए ०९.९ (कारण अनिर्दिष्ट) असे दोन भेद झाले. आमांशाच्या प्रत्येक रुग्णास सवयीने ‘अमीबायसिस’ लिहिण्याची आपल्याकडील रीतही याच निकषावर तपासून पाहावी.

‘क्षय’ शब्द धातुक्षयासाठी लिहावा आणि वाचणाऱ्याने क्षयरोग समजावा, ‘धनुर्वात’ लिहावे आणि धनुस्तंभाचे लक्षण अभिप्रेत असूनही ए ३५ लागावा, ही यादी वाढवता येईल. परंतु या सर्वांत अधिक हानिकारक शब्द ‘कुष्ठ’ हा होय. येथे प्रस्तुत लेखकाला स्वतःची चूक सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी एककुष्ठाच्या एका रुग्णास वमन व विरेचनासाठी दाखल करून घेतले होते. आधुनिक निदान सोरायसिस हे निःसंशय होते. त्वचारोगतज्ज्ञाचा अहवालही सोबत होता. सुट्टीच्या पत्रावर मी केवळ ‘एककुष्ठ’ एवढेच लिहिले. दावा भरणाऱ्याने शब्दाचा उत्तरार्ध वाचला आणि ए ३०.९, म्हणजे अनिर्दिष्ट कुष्ठरोग, असा संकेत घातला. विमा सामूहिक स्वरूपाचा असल्याने कागद रुग्णाच्या कार्यालयामार्फत गेले. आठवड्याभरात सहकाऱ्यांनी त्यांच्या टेबलाजवळ बसणे टाळले. घरी मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, ती थांबली. एल ४०.० हा योग्य संकेत घालून दुरुस्तीपत्र मी त्याच दिवशी दिले. दाव्याचे पैसे तीन महिन्यांनी मिळाले. बोलणी पुन्हा सुरू झाली नाहीत. दोष कारकुनाचा म्हणता येत नाही. मराठीत कुष्ठ म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते, आणि मी काय लिहितो आहे हे मला ठाऊक असावयास हवे होते.

अठरा कुष्ठांपैकी कोणतेही नाव लिहिताना ही गोष्ट ध्यानी घ्यावी. दद्रू म्हणून आपण जे पाहतो त्यातील बहुतेक रुग्ण गजकर्णाचे, म्हणजे बी ३५ या गटाचे असतात. तेथे स्थानानुसार भेद आहेत : डोके व दाढी बी ३५.०, नखे बी ३५.१, अंग बी ३५.४, जांघ बी ३५.६. सिध्माच्या नावाखाली येणारे शिबे बहुधा बी ३६.० मध्ये, तर पामा म्हणून येणारी खरूज बी ८६ मध्ये जाते. ‘बहुधा’ हा शब्द येथे हेतुतः वापरला आहे. चरकांनी सिध्म महाकुष्ठात व दद्रू क्षुद्रकुष्ठात गणले, सुश्रुतांनी नेमके उलट केले. मग संहितेतील नावास एकच कायमचा संकेत चिकटवणारे तक्ते, जे हल्ली मित्रमंडळींत फिरतात, त्यांवर विसंबणे योग्य होणार नाही. संकेत रुग्णास लावावयाचा असतो, शब्दास नव्हे. नागिणीला (बी ०२) कोणी विसर्प म्हणते. परंतु विसर्पासारखा पसरणारा जंतुजन्य त्वक्शोथ, एरिसिपेलस, ए ४६ येथे आहे. रुग्ण पाहिल्यावाचून हा भेद होत नाही.

प्रमाण किती, तेवढाच संकेत

संकेत निवडताना निदानाचा पुरावा किती आहे हे या वर्गीकरणात वारंवार विचारले जाते, आणि हा या प्रकरणाचा सर्वांत उपयुक्त भाग आहे. हिवतापात रक्तात फॅल्सिपेरम आढळल्यास बी ५०, मस्तिष्कगत उपद्रव असल्यास बी ५०.०, व्हायवॅक्स आढळल्यास बी ५१, मलेरी आढळल्यास बी ५२; रक्ततपासणीशिवाय केवळ लक्षणांवरून निदान केले असल्यास बी ५४. तृतीयक वेग पाहून व्हायवॅक्सचा व चतुर्थक वेग पाहून मलेरीचा तर्क करता येतो, परंतु तर्कास बी ५१ वा बी ५२ मिळत नाही.

क्षयरोगात हाच भेद ए १५ आणि ए १६ यांत आहे. थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षयरोग ए १५.०, अशा पुराव्याचा उल्लेख नसलेला ए १६.२. पूर्वी होऊन बरा झालेला व आता केवळ त्याचे अवशेष उरलेले असतील तर बी ९०.९. जुन्या क्षयरोगाच्या रुग्णास छातीच्या चित्रातील व्रणचिन्हांवरून पुन्हा ए १६ लिहिले, तर तो नवा रुग्ण म्हणून मोजला जाण्याचा संभव असतो.

टायफॉइडबाबत आपल्याकडे फार ढिलाई आहे, असे स्पष्टच लिहिले पाहिजे. चार दिवसांचा ताप, विडाल चाचणीत एका नमुन्यात थोडे वाढलेले प्रमाण, आणि कागदावर ए ०१.०. विडालचा एकच नमुना विश्वसनीय नाही. रक्तसंवर्धन हा आधार आहे. तो नसेल आणि उपचार संपेपर्यंत निश्चिती झाली नसेल, तर लक्षणाचाच संकेत, म्हणजे आर ५०.९ (अनिर्दिष्ट ज्वर), देणे हे या वर्गीकरणाच्या नियमास धरून आहे. आर प्रकरणातील संकेत लिहिणे कमीपणाचे नाही. कामलेतही तसेच : तपासणीत ए विषाणू मिळाल्यास बी १५, तीव्र ई प्रकार असल्यास बी १७.२, विषाणूजन्य आहे पण प्रकार ठरला नाही तर बी १९. आणि डोळे-मूत्र पिवळे यापलीकडे काही ठाऊक नसेल तर आर १७. पित्ताश्मरीने मार्गावरोध झालेली शाखाश्रित कामला या प्रकरणात येतच नाही. २०२० मध्ये कोविडसाठी हीच पद्धत अवलंबून दोन संकेत दिले गेले : विषाणू सिद्ध झाल्यास यू ०७.१, न झाल्यास यू ०७.२.

कृमी

चरकांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात मलज, शोणितज, श्लेष्मज व पुरीषज असे वीस कृमी सांगितले आहेत. या विसांची बी ६५ ते बी ८३ या संकेतांशी एकास एक जोडी लावण्याचे प्रयत्न वाचनात येतात. ते बौद्धिक मनोरंजनापलीकडे जात नाहीत. मलज कृमींतील यूका म्हणजे उवा, त्यांना बी ८५, इतके सरळ उदाहरण विरळा. व्यवहारात मलपरीक्षणच निर्णायक होय : अंकुशकृमी बी ७६, गोल जंत बी ७७, सूत्रकृमी बी ८०, पट्टकृमी बी ६८. अंकुशकृमीसोबत रक्ताल्पता असल्यास लोहाभावजन्य पांडूचा डी ५० हा वेगळा संकेत जोडावा. चिकित्सा दोहोंचीही करावयाची आहे हे त्यातून नोंदले जाते. तपासणी झालीच नसेल तर बी ८२.० हा अनिर्दिष्ट आंत्रकृमींचा संकेत आहे. मूल झोपेत दात खाते एवढ्यावरून तोही देऊ नये.

बी ७२ हा नारूचा संकेत. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला व २००० मध्ये देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. पूर्वी नारू गावोगाव दिसे. उत्तरकालीन ग्रंथांत तो ‘स्नायुक’ म्हणून वर्णिला आहे. आज एखाद्या नवशिक्याने चुकून हा संकेत घातला, तर चौकशीस पथक दारात उभे राहील. बी ०३ हा देवीचाही संकेत यादीत आहे; १९८० मध्ये देवीचे जागतिक निर्मूलन जाहीर होऊनही तो केवळ पाळतीसाठी ठेवलेला आहे.

नोंद कोठे जाते

खासगी चिकित्सकाच्या नोंदीस महत्त्व काय, असा प्रश्न सभांतून विचारला जातो. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात तीन नमुने ठरवले गेले : लक्षणांवर आधारित ‘एस’, चिकित्सकाच्या संभाव्य निदानाचा ‘पी’ आणि प्रयोगशाळेचा ‘एल’. २०२१ पासून हे काम एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर चालते. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची (ए २७) साथ आली. पाण्यातून चालून आलेल्या रुग्णाचा ताप केवळ ‘ज्वर’ म्हणून लिहिला तर अशी साथ कागदावर उमटत नाही. चिकुनगुन्या १९७३ मध्ये बार्शीस आला होता. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ शांत राहून २००६ मध्ये महाराष्ट्रात परतला. तापानंतर सांधे धरलेल्या रुग्णांची नोंद ‘आमवात’ अशी झाली, तर ती संधिविकारांत जाते, ए ९२.० चा आकडा शून्यच राहतो. आमवाताची चिकित्सा खुशाल करावी. नोंदीत मात्र दोन्ही नावे असावीत. डेंग्यूविषयी एक सूचना : जुन्या छापील पुस्तकांतील ए ९० व ए ९१ हे संकेत पुढे बदलून ए ९७ हा गट आला आहे. पुस्तक कोणत्या वर्षाचे आहे हे पाहून मगच संकेत उतरवावा. तसेच अनुक्रमणिकेच्या खंडात संकेत सापडला तरी मुख्य खंडातील ‘समाविष्ट’ व ‘वगळलेले’ या टीपा वाचल्याखेरीज तो कायम करू नये.

क्षयरोगाची सूचना देणे मे २०१२ पासून बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने चिकित्सक व प्रयोगशाळांबरोबर औषध विक्रेत्यांवरही ही जबाबदारी टाकली. औषधी दुकानदार बंधूंना १ मार्च २०१४ पासूनचे अनुसूची एच-१ चे नोंदपुस्तक परिचित आहेच : चिकित्सकाचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व मात्रा लिहून ते तीन वर्षे जपावयाचे. क्षयरोगाची औषधे त्यात येतात. दुकानदाराने निदान करावयाचे नाही, संकेतही लावावयाचा नाही. परंतु चिठ्ठीवर निदान अस्पष्ट असेल, तर चिकित्सकास दूरध्वनी करून विचारण्याचा त्याला अधिकार आहे आणि वैद्याने त्याचा राग मानू नये. रुग्णास केवळ रसायन वा आनुषंगिक कल्प देणाऱ्या वैद्यानेही, सूचना दुसऱ्याने दिली असेल असे गृहीत न धरता, निक्षय प्रणालीतील नोंद झाली आहे का हे विचारून घ्यावे.

मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र (रुग्णालयात झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४, बाहेरील मृत्यूसाठी नमुना ४-अ) लिहिताना संकेत घालावा लागत नाही; तो सांख्यिकी कार्यालयात लागतो. आपण शब्द लिहावयाचे, व म्हणूनच ते निःसंदिग्ध हवेत. ‘हृदय बंद पडणे’ हे मृत्यूचे वर्णन आहे, कारण नव्हे. फुप्फुसाच्या क्षयरोगातून रक्तष्ठीवन होऊन मृत्यू आला असेल, तर वरच्या ओळीत रक्तष्ठीवन, खालच्या ओळीत फुप्फुसाचा क्षयरोग असा क्रम असावा. गणना खालच्या, म्हणजे मूळ कारणाची होते. येथे ‘राजयक्ष्मा’ लिहू नये.

अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद

२०१७ मध्ये आयुष मंत्रालयाने ‘नमस्ते’ या नावाने प्रमाणित परिभाषा व संकेतांचे संकेतस्थळ सुरू केले. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे अकराव्या आवृत्तीच्या पारंपरिक वैद्यक प्रकरणाचा दुसरा विभाग प्रसृत झाला. त्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी या शास्त्रांतील व्याधीनामांना संकेत आहेत. म्हणजे ‘विषमज्वर’ हा शब्द आता स्वतःच्या अर्थाने, स्वतःच्या संकेतासह नोंदता येतो. ही घटना महत्त्वाची आहे, परंतु तिच्याविषयी दोन गैरसमज पसरले आहेत. हे संकेत आधुनिक निदानाच्या जागी वापरावयाचे नसून त्याच्या जोडीस वापरावयाचे आहेत. आणि पारंपरिक वैद्यकाचे संकेत मृत्यूच्या कारणासाठी चालत नाहीत. अकराव्या आवृत्तीत पहिल्या प्रकरणाची मांडणीही बदलली आहे : संकेत १ या अंकाने सुरू होतात, पटकी १ए०० झाली आहे, श्वसनसंस्थेचा क्षयरोग १बी१० आणि फॅल्सिपेरम हिवताप १एफ४०. दोन आवृत्त्यांचे संकेत एकाच नोंदवहीत मिसळू नयेत.

प्रस्तुत लेखकाच्या चिकित्सालयात त्या एककुष्ठाच्या प्रसंगानंतर केसपेपरवर चार ओळी छापून घेतल्या आहेत : पहिलीत शास्त्रोक्त व्याधीनाम, दुसरीत आधुनिक निदान पूर्ण शब्दांत, तिसरीत त्याचा आधार (लक्षणे, तपासणी किंवा अन्य चिकित्सकाचा अहवाल), आणि चौथीत संकेत व आवृत्ती. चौथी ओळ रिकामी असेल तर चालते. दुसरी रिकामी असेल, तर सुट्टीचे पत्र सहीसाठी माझ्यापुढे येत नाही.